फ्लॉवरचा वळसा

सेक्रेटरींच्या घरात भाजी आणण्याचं खातं सेक्रेटरींकडे होतं. स्वयंपाकात त्यांना कुणी हात लावू देत नसे, इस्त्री करताना त्यांनी एकदा बायकोची साडी जाळली होती, आणि भिंतीत खिळा ठोकायला घेतला की शेजारचे आपल्या बाजूच्या तसबिरी उतरवून ठेवत. त्यामुळे संसारात म्हणून जो काही हातभार ते लावत, तो पिशवीतूनच घरात येई. पण ते काम मात्र ते मन लावून करत. फरसबी कानाजवळ धरून मोडत, टोमॅटोचं देठ हुंगत, आणि फ्लॉवरवर बोटाने अशी टकटक करत, की आतून कुणी तरी दार उघडेल असं वाटावं.

पाणीपुरवठा कार्यालयात ते हेडक्लार्क होते. पण बिल्डिंगच्या सोसायटीचं सेक्रेटरीपद गळ्यात पडल्यापासून त्यांना सगळे सेक्रेटरीच म्हणत. हळूहळू बायकोही माहेरच्या माणसांशी बोलताना ‘आमचे सेक्रेटरी’ म्हणू लागली होती.

अशा माणसाला जेवणाच्या टेबलावर कुणी ‘भाजी शिळी आहे’ म्हटलं, तर ते कुठे जाऊन लागेल, याची कल्पना करता येईल. आणि म्हणणारे होते प्रत्यक्ष सासरे.

सासरे टपाल खात्यातून निवृत्त झालेले, मऊ बोलणारे गृहस्थ. मोठ्या तापातून उठल्यावर लेक त्यांना आपल्याकडे घेऊन आली. कुणाला त्रास नाही, कसली मागणी नाही. पंखा हवा तर स्वतः उठून लावायचे आणि कुणी आलं की त्याला चालेल ना असं विचारायचे. फक्त जेवायला बसले की दोन घास खाऊन ताट हलकेच पुढे सरकवायचे आणि म्हणायचे, “भाजी जरा शिळी वाटते. नको आता.”

पहिल्यांदा सेक्रेटरींनी दुर्लक्ष केलं. दुसऱ्यांदा त्यांनी भाजीवाल्या मावशींना जाऊन जाब विचारला. त्यावर मावशी म्हणाल्या, “सकाळचा माल आहे, साहेब, तुमच्यासमोर उतरवलाय.” तरीही रोज ताट पुढे सरकतच राहिलं. सासऱ्यांचे सदरे त्यांच्या अंगावर दुसऱ्या कुणाचे असल्यासारखे लोंबायला लागले. एके दिवशी बायको त्यांच्या पायजम्याची कंबर आत घेत बसली होती. टाके घालता घालता ती मान वर न करता म्हणाली, “आता अजून आत घ्यायला कापडच उरलेलं नाही.”

अशा वेळी माणसाने गप्प बसून बायकोच्या खांद्यावर हात ठेवावा. सेक्रेटरींनी घोषणा केली.

“उद्या मी थेट शेतातून भाजी आणतो! तोडलेली, आणि तासाभरात ताटात. मग बघू शिळी कशी म्हणतात ते!”

दार उघडं होतं. बिल्डिंगमध्ये उघड्या दारातून गेलेली गोष्ट जिन्याने चढते आणि गच्चीवर जाऊन थांबते. तासाभरातच सेक्रेटरी स्वतः गच्चीवर होते आणि त्यांच्याभोवती सल्लागार मंडळ जमलं होतं. नदीपलीकडे, घरांची रांग संपते तिथे, हिरव्या रंगाचा एक लांबट पट्टा दिसत होता.

“ते बघा शेत!” दुसऱ्या मजल्यावरचे दंतवैद्य म्हणाले. “डोळ्यांसमोर भाजी पिकतेय आणि आपण खातोय काय, तर कुठून कुठून फिरून आलेली!”

“भाजी जितकी फिरते तितकी ती थकते,” प्राध्यापक म्हणाले. ते इतिहास शिकवत. पण आहारावरही त्यांचं मत असे आणि ते बहुधा कालच वाचलेलं असे. “तोडल्याक्षणी तिच्यातलं सत्त्व उडायला लागतं. बाजारात पोचते तो निव्वळ भाजीचा आकार.”

“आकार!” योगावाल्या बाई हळहळल्या. “म्हणजे इतकी वर्षं आपण आकार खातोय?”

या विचाराने सगळेच अंतर्मुख झाले. आणि अंतर्मुख झालेली माणसं नेहमी करतात तेच त्यांनी केलं: दुसऱ्याला काम सांगितलं. सेक्रेटरी जातच आहेत तर आमच्यासाठीही थोडं आणा. प्राध्यापकांनी पिशवी दिली, योगावाल्या बाईंनी दोन दिल्या, तळमजल्यावरच्या एका कुटुंबाने तर उशीचा अभ्राच पाठवला. सेक्रेटरींची स्कूटर दुरुस्तीला गेली होती म्हणून दंतवैद्यांनी आपली देऊ केली. पण देताना ती डावीकडे झुकवू नका, पहिल्या गिअरला दुखवू नका आणि उन्हात एकटी सोडू नका, अशा सूचना दिल्या. स्वतःच्या मुलीला सासरी पाठवतानाही त्यांचा आवाज इतका भरून आला नव्हता.

सकाळी सेक्रेटरी निघाले. गच्चीवरून हाकेच्या अंतरावर दिसणारं शेत रस्त्याने जाताना मात्र पुढे पुढे सरकत होतं. पूल ओलांडला, वीटभट्टी गेली, हमरस्त्याचा उड्डाणपूल डोक्यावरून गेला, आणि मग एका कच्च्या वाटेच्या टोकाला खरोखरच फ्लॉवरचा मळा आला. पानापानावर पाणी चमकत होतं. एक बाई आणि तिचा नवरा वाकून भराभर गड्डे कापत होते.

सेक्रेटरींनी आपली अडचण सांगितली. सुरुवात सोसायटीपासून केली खरी, पण बोलता बोलता ते सासऱ्यांच्या पायजम्यापर्यंत येऊन पोचले. बाईने हातातलं काम न थांबवता सगळं ऐकलं. मग तिने एक टपोरा फ्लॉवर निवडून पानांसकट कापला आणि त्यांच्या हातात ठेवला. वर बांधावरच्या वाटाण्याच्या शेंगा मूठभर तोडून दिल्या.

“आजोबांना द्या. पण एवढ्या पिशव्या भरायच्या तर मला जमणार नाही हो. माझा सगळा माल शेडवर सांगितलेला आहे. तिथं विचारा.”

सेक्रेटरींनी फ्लॉवर दोन्ही हातांत धरला. गार, जड, ओला. त्यांना वाटलं, आपण आयुष्यात प्रथमच भाजी आणतोय; आतापर्यंत नुसती उचलत होतो. पडद्याच्या जुन्या कापडाची, पोपटांची नक्षी असलेली घरची पिशवी होती, तिच्यात त्यांनी तो ठेवला. शहाणा माणूस इथूनच घरी गेला असता. पण सेक्रेटरींच्या पाठीवर अख्ख्या सोसायटीच्या पिशव्या होत्या. ते शेडवर गेले.

शेडमध्ये आजूबाजूच्या मळ्यांचा माल जमत होता. पोत्यांचे ढीग, एक मोठा वजनकाटा, आणि टेबलामागे एक कारकून. बाहेर झाडाच्या सावलीत स्कूटर लावून, पोपटांची पिशवी काट्याजवळ ठेवून, सेक्रेटरी टेबलापाशी गेले.

“इथे किरकोळ विक्री नाही,” कारकून म्हणाला.

“मी किरकोळ नाही. सोसायटीचा सेक्रेटरी आहे.”

“ठोकही नाही. इथे विक्रीच नाही. हा सगळा माल मोठ्या बाजाराला जातो.”

मोठा बाजार म्हणजे मोठ्या शहराचा, अगदी उलट्या दिशेला, डोंगराच्या पलीकडे. सेक्रेटरींनी विचारलं, “आणि तिथून?”

“तिथून जिकडे मागणी तिकडे. बराचसा तुमच्याच गावात येतो की.”

सेक्रेटरींनी मान वळवून पाहिलं. शेडच्या दारातून नदी दिसत होती, आणि नदीपलीकडे त्यांच्या बिल्डिंगची पाण्याची टाकीसुद्धा.

“अहो, गाव तर हे इथे आहे!”

“दिसतंय मलाही,” कारकून म्हणाला. “पण भाव तिकडे ठरतो ना. भाव ठरल्याशिवाय माल कसा द्यायचा?”

सेक्रेटरी यावर संतापले असते. पण दुर्दैव असं, की त्यांना ते लगेच पटलं. त्यांच्याच कार्यालयात शेजारच्या टेबलावर जायचा कागद आधी मुख्य कार्यालयात जाई, तिथे शिक्का खाऊन परत येई, आणि मग हातभर अंतरावरच्या टेबलावर पडे. आजवर लोक त्यांच्यासमोर उभं राहून ‘अहो, टेबल तर हे इथे आहे’ म्हणत आणि ते सांगत, ‘दिसतंय मलाही.’ टेबलाच्या या बाजूला उभं राहिल्यावर ते वाक्य कसं लागतं, हे त्यांना आज कळलं.

ते मागे वळले. काट्याजवळ पिशवी नव्हती.

“इथली पिशवी कुठे गेली? पोपटांची?”

“फ्लॉवरच होता ना आत?” एक हमाल म्हणाला. “चढवला.”

ट्रक सुरू झालेला होता. सेक्रेटरी धावले. ड्रायव्हर आडव्या बांध्याचा आणि शांत स्वभावाचा माणूस होता. तो म्हणाला, “बसा. पुढच्या नाक्यावर वजन करायला थांबतो, तिथे काढून देतो.” सेक्रेटरी बसले. नाक्यावर गाडीचं वजन झालं, पण मागची ताडपत्री बांधून गाठीवर शिक्का मारलेला होता, आणि तो शिक्का मोठ्या बाजारातच फुटणार होता.

“उतरता का?” ड्रायव्हरने विचारलं.

सेक्रेटरींनी मागे पाहिलं. त्यांना गार, जड, ओला फ्लॉवर आठवला. आणि मग ‘आता कापडच उरलेलं नाही’ हे वाक्य आठवलं.

“चला,” ते म्हणाले.

घाट चढताना बायकोचा फोन आला. “अहो, कुठे आहात?”

“ट्रकमध्ये.”

“कसल्या?”

“फ्लॉवरच्या.”

“तुम्ही फ्लॉवर आणायला गेला होतात की पोचवायला?”

त्यानंतर दंतवैद्यांचा आला. त्यांनी सेक्रेटरींची नाही, स्कूटरची चौकशी केली. ती झाडाखाली सावलीत आहे असं सांगितल्यावर त्यांनी घाबऱ्या आवाजात विचारलं, “एकटी?”

ड्रायव्हर गप्पिष्ट निघाला. त्याने कुठे ऊन भाजी सुकवतं आणि कुठे वारा ती सावरतो ते दाखवलं. घाटातल्या कोणत्या वळणावर थांबून पोत्यांवर पाणी मारायचं ते दाखवलं, आणि सेक्रेटरींनीही एक बादली मारली. स्वतः तो फ्लॉवर खात नव्हता. “दिवसभर मागे तो, घरी ताटातपण तोच? बायकोला सांगितलंय, दारातून तो आत आला तर मी बाहेर.” एका खड्ड्यात गाडी जोरात आपटली तेव्हा दोघांच्याही तोंडून एकदमच ‘सांभाळून!’ निघालं, आणि तो शब्द स्वतःसाठी नव्हता हे दोघांनाही समजलं.

बाजार पहाटे उघडायचा होता. तोवर आपण केबिनमध्ये बसून विचार करत होतो, असं सेक्रेटरी सांगतात. घोरत होते, असं ड्रायव्हरचं म्हणणं.

उजाडता उजाडता शिक्का फुटला, पोती उतरली आणि पोपटांची पिशवी दिसली. सेक्रेटरींनी तिच्यावर झडपच घातली आणि ती छातीशी धरून ते फाटकाकडे निघाले. फाटकावरच्या अधिकाऱ्याने काठी आडवी केली.

“आत आलेला माल विकल्याशिवाय बाहेर जात नाही.”

“हा माल नाही, माझा फ्लॉवर आहे. भेट मिळालेला.”

“मग आत कशाला आणला?”

या प्रश्नाला प्रामाणिक उत्तर द्यायचं तर सासऱ्यांच्या तापापासून सुरुवात करावी लागली असती. सेक्रेटरींनी प्रयत्न केला. अधिकाऱ्याने सहानुभूतीने ऐकलं आणि म्हणाला, “बरं वाटेल त्यांना. आता हा विका.”

लिलाव सुरू होता. अडत्याने सेक्रेटरींच्या हातातली पिशवी घेतली, एका मोठ्या ढिगावर ठेवली आणि ओरडायला लागला. एकटा फ्लॉवर बोलीला लागत नाही, ढीगच घ्यावा लागतो. सेक्रेटरींनी कळवळून हात वर केला, पण त्यांच्या आधी चष्मेवाल्या एका बाईंनी नुसती मान हलवली आणि ढीग त्यांचा झाला. पिशवी, पोपट, वाटाण्याच्या शेंगा, सगळ्यासकट.

सेक्रेटरी त्यांच्यासमोर जाऊन उभे राहिले. आता त्यांच्यात सांगण्याची ताकद उरली नव्हती. ते एवढंच म्हणाले, “त्यात माझी पिशवी आहे.”

बाईंनी चष्म्यावरून पाहिलं. “कुठले तुम्ही?”

सेक्रेटरींनी गावाचं नाव सांगितलं.

“मग बसा टेम्पोत. तिकडेच निघालेय. फाटकाबाहेर पडलो की देते पिशवी.”

अशा रीतीने फ्लॉवर आणि सेक्रेटरी पुन्हा घाट उतरले. उड्डाणपुलावर आले तेव्हा खाली ते शेड दिसलं, झाडाखालची स्कूटर दिसली, आणि मागे हिरवा मळाही दिसला. ती बाई अजून वाकून कापतच होती.

“थांबवा, थांबवा!”

“पुलावर थांबता येत नाही, साहेब,” चष्मेवाल्या बाई म्हणाल्या आणि पुढे गेल्या.

गावात टेम्पो गल्लोगल्ली माल उतरवत फिरला आणि सगळ्यांत शेवटी सेक्रेटरींच्याच कोपऱ्यावर येऊन उभा राहिला. भाजीवाल्या मावशींनी पोती उतरवून घेतली. मागोमाग पोपटांची पिशवी छातीशी धरून सेक्रेटरी उतरले. कपडे चुरगळलेले, केसांत फ्लॉवरचं पान. मावशींनी त्यांना पाहिलं आणि सवयीने बोलून गेल्या, “या साहेब, आजचाच माल आहे, आत्ताच आलाय.”

“माहीत आहे,” सेक्रेटरी म्हणाले. “आम्ही बरोबरच होतो.”

जिन्यात सल्लागार मंडळ उभं होतं. रिकाम्या पिशव्या ज्याच्या त्याला परत मिळाल्या. झाला प्रकार ऐकून प्राध्यापक म्हणाले की हे त्यांनी आधीच सांगितलं होतं. दंतवैद्य स्कूटरकडे जाणारी बस पकडायला धावले.

बायकोने फ्लॉवर हातात घेतला. पानं मलूल झाली होती, एका बाजूला पोत्याचा वळ उठला होता. निवडला, चिरला, फोडणीला टाकला. नवऱ्याला मात्र स्वयंपाकघरात बोलावून दार लोटलं.

“काल तुमच्या फोनने मी इतकी गडबडले, की भाजीत मीठच टाकायला विसरले,” ती हळूच म्हणाली. “बाबांनी दोन घास खाल्ले. म्हणाले, शिळी वाटते.” तिने डोळे पदराला पुसले. “त्यांना अळणीसुद्धा कळलं नाही हो. चवच गेलीय त्यांची. मी संध्याकाळी डॉक्टरांना विचारलं. तापानंतर होतं म्हणे असं कधी कधी. परत येईल, नाहीतर नाही येणार. तुम्ही बाबांना सांगू नका मला कळलंय म्हणून. लपवतायत, तर लपवू द्या.”

सेक्रेटरी ताट घेऊन बाहेर आले. दोन दिवसांचा शीण आता एकदमच अंगावर आला. म्हणजे भाजी कधीच शिळी नव्हती. त्यांची फरसबी, त्यांचे टोमॅटो, सगळं निर्दोष होतं. या निकालाचा त्यांना आनंद व्हायला हवा होता. तो त्यांनी शोधला, पण सापडला नाही.

सासऱ्यांनी एक घास घेतला. बराच वेळ चघळला. मग स्वयंपाकघराकडे पाहून, आवाज खाली आणून म्हणाले, “जावईबापू, तुम्ही एवढा जीव टाकलात, तुमच्याशी खोटं बोलवत नाही. मला कशाचीच चव लागत नाही. कापूस खाल्ल्यासारखं होतं. चव गेली म्हटलं तर पोरगी धास्तावेल, म्हणून भाजीवर ढकलत होतो. माफ करा. तिला मात्र सांगू नका.”

सेक्रेटरीपदाच्या कारकिर्दीत त्यांच्याकडे अनेक पक्षांनी गुपितं सोपवली होती. पण दोन्ही पक्षांचं गुपित एकच असण्याची ही पहिलीच वेळ. “नाही सांगत,” ते म्हणाले. आणि काहीतरी बोलायला हवं म्हणून पुढे म्हणाले, “समोरच्या मळ्यातलाच आहे हो हा. पण डोंगरापलीकडे जाऊन आला.”

सासऱ्यांचा हात थांबला. “डोंगरापलीकडे? का?”

“भाव तिकडे ठरतो.”

“अस्सं,” सासरे म्हणाले. त्यांच्या चेहऱ्यावर बऱ्याच दिवसांनी काहीतरी हललं. “आमच्याकडेही असंच असायचं. शेजारच्या गावचं पत्र आधी जंक्शनला जायचं, रात्री रेल्वेच्या टपालडब्यात आम्ही ते वेगळं काढायचो आणि मग ते उलट यायचं. चालत गेला असता तर माणूस आधी पोचला असता. बरं मग? घाटाने नेला की खालून?”

“घाटाने.”

“वळणावर पाणी मारलं असेल.”

“मी मारलं. एक बादली.”

“वा!” सासऱ्यांनी घास घेतला. “आणि बाजारात?”

सेक्रेटरी सांगू लागले. कारकून, शिक्का, काठी आडवी करणारा अधिकारी. अडत्याची नक्कल त्यांना चांगली जमली. चष्मेवाल्या बाईंनी नुसत्या मानेने ढीग घेतला तिथे सासरे इतके हसले, की त्यांना ठसका लागला. पाणी पिऊन त्यांनी पुन्हा विचारलं, मग पुलावरून स्कूटर दिसली तेव्हा काय वाटलं? बोलता बोलता हात ताटाकडून तोंडाकडे जात होता, आणि जातोय याकडे त्यांचं लक्ष नव्हतं. दारात उभी राहून बायको पाहत होती. ताट रिकामं झालं तरी ती वाढायला पुढे आली नाही. गोष्ट संपायची वाट पाहत तिथेच उभी राहिली.

दुसऱ्या दिवशी सेक्रेटरी मावशींच्या गाडीवर गेले. फरसबी मोडली नाही, टोमॅटो हुंगला नाही.

“मावशी, ही गाजरं कुठली?”

“बाजारातली.”

“त्याच्या आधी?”

मावशींनी त्यांच्याकडे निरखून पाहिलं. “शेतातली. गाजरं कुठली असणार?”

“तसं नाही. कुठल्या बाजूची? नदीच्या वरच्या अंगाची की खालच्या? येताना घाट लागला का? कुणी आणली?”

मागे रांग वाढत होती. योगावाल्या बाई म्हणाल्या, “अहो सेक्रेटरी, घ्यायची असतील तर घ्या ना! गाजरं आहेत, स्थळ नाही!”

“जरा थांबा,” सेक्रेटरी मागे न बघता म्हणाले. “बाबा जेवायला बसले की सांगायला लागेल.”

मावशींनी एकदा रांगेकडे पाहिलं, एकदा त्यांच्याकडे. मग हात पुसून त्यांनी फोन उचलला आणि चष्मेवाल्या बाईंना लावला.

“अगं, तुझ्या टेम्पोतून आलेले ते साहेब आलेत,” त्या म्हणाल्या. “विचारतायत, आजची गाजरं येताना वाटेत काय काय झालं? हां, सगळं सांग. सावकाश सांग, ते ऐकतायत.”